कारेजचा रकाना

सातव्या विहिरीवर बॉम्ब पडला, त्या दिवसापासून आमच्या तूत कलाय गावाचं पाणी बंद झालं. गहू तेव्हा पोटरीत आला होता.

आमच्याकडे नदी नाही. डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून एक भुयार येतं, माणसाला वाकून चालता येईल एवढं. त्यातून पाणी झिरपत झिरपत गावात पोचतं. भुयारावर ओळीनं चौदा विहिरी आहेत. पाणी काढायला नव्हे, आत उतरून गाळ उपसायला. हीच आमची कारेज. दरवर्षी ती साफ करावी लागते आणि ते काम स्पीन गुल उस्तादाच्या घरात चार पिढ्या चालत आलेलं. आतली दरड कधी बसेल याचा नेम नसतो म्हणून या घरचे लोक पांढरे कपडे घालूनच उतरतात. कफन वेगळं शोधायला नको.

त्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी स्पीन गुल खाली होता, नऊ पुरुष खोल. वर रहाटावर त्याचा मुलगा हेवाद आणि मजूर याकूत. सातवी विहीर पक्क्या रस्त्याला लागून आहे. कडेला उपसलेल्या मातीचा ढीग, हातात खोरी, दोन माणसं. परदेशी फौजेचं विमान वरून फिरत होतं. त्यांना काय दिसलं ते आम्हाला पुढं कळलं.

खाली असल्यामुळे म्हातारा वाचला. विहिरीचं तोंड ढासळलं, अंधार झाला, डावा कान गेला. तो भुयारातून पाण्यातून रांगत आठव्या विहिरीखाली आला आणि हाका मारायला लागला. आम्ही दोर टाकून त्याला काढलं. वर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "दोर कुणी ओढला? हेवाद कुठंय?"

मी त्याच्या डाव्या बाजूला होतो. मी काही बोललो असतो तरी त्याला ऐकू गेलं नसतं.

दोघांचं जे मिळालं ते दोन कबरींत पुरलं. नीट वाटणी करता आली नाही.

आठव्या दिवशी अर्सला नावाचा आमचा मलिक स्पीन गुलच्या घरी आला. मलिक म्हणजे आमच्या गावचा प्रमुख. मी तिथंच बसलो होतो; माझी भिंत आणि त्यांची भिंत एकच.

"उस्ताद, छावणीतून निरोप आलाय," मलिक त्याच्या उजव्या कानाशी ओरडून म्हणाला. "बोलावलंय. भरपाई देतात."

"कशाची?"

"कशाची म्हणजे? झालं त्याची."

"झालं त्याची," स्पीन गुल म्हणाला आणि गुडघ्यावरची माती नखानं खरवडत बसला. कपडे त्यानं अजून बदलले नव्हते.

"हे बघ, मेलेला माणूस आपण आणू शकत नाही. पण गावाचं पाणी तरी आणायला हवं. तुझ्याकडे रहाट नाही, दोर नाही, हाताखाली माणूस नाही. पैसे आले तर कलात शहरातून कारागीर आणू, सिमेंटची कडी आणू." मग माझ्याकडे वळला. "जानान, तू पण चल. याला नीट ऐकू येत नाही, तू याचा कान हो."

आतून त्याची म्हातारी, दूरखानई, बोलली. पडद्याआडून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "जा म्हणावं. कणगीत पाच दिवसांचं पीठ आहे. रडायचं ते पोटात काही घालून रडू."

दुसऱ्या दिवशी मलिकच्या पांढऱ्या गाडीतून आम्ही छावणीवर गेलो. फाटकाबाहेर उन्हात दोन तास उभे. मग एकेकाला आत घेतलं. स्पीन गुलला पगडी सोडायला लावली. सोडली की तिची दोन्ही टोकं धुळीत लोळतात, ती सावरायला तो वाकला तर शिपाई ओरडला, हात वर. मग सदरा वर करायला लावला. म्हाताऱ्याच्या पोटावर बॉम्बच्या दिवशीचे ओरखडे होते, काळे पडलेले. शिपाई पोरगेलाच होता. त्यानं मान वळवली आणि सदरा खाली कर अशी खूण केली.

आत लोखंडी पेटीसारखी खोली. यंत्रातून इतका गार वारा येत होता की घाम अंगावर गोठला. टेबलामागे एक कप्तान, त्याच्या बाजूला काबूलचा दुभाष्या, रामीन नावाचा. काळा चष्मा लावून. पश्तो बोलायचा, पण पुस्तक वाचल्यासारखी. भिंतीवर एक कागद लावला होता, तो त्यानं आम्हाला समजावून सांगितला. माणूस गेला तर एक लाख पंधरा हजार अफगाणी. हातपाय गेला तर साठपर्यंत. गाय अमुक, बकरी तमुक, बदामाचं झाड वयावर.

"काका, मुलाचं वय?"

"तो जन्मला त्या वर्षी बदामाच्या फुलावर गारा पडल्या."

रामीननं मलिककडे पाहिलं. "चोवीस," मलिक म्हणाला.

"वर्षाची कमाई?"

"पाणी आणायचा."

"ते काम झालं. कमाई किती?"

"खळ्यावर गहू मिळतो. ज्याचं पीक जसं."

"पैशात सांगा ना काका. इथं आकडा लागतो."

मलिकनं काहीतरी आकडा सांगितला. रामीननं लिहिला. मग याकूतचं आलं. त्याचं ओळखपत्र? नव्हतं. बापाचं नाव? मला ठाऊक नव्हतं, मलिकलाही नव्हतं. स्पीन गुलला ठाऊक होतं. "सरवर. तो पण विहिरीतच गेला, शिनकायच्या बाजूला." ते लिहिलं नाही, कारण चौकट ओळखपत्राच्या आकड्याची होती.

मग कप्तानानं संगणकाच्या पडद्यावर काहीतरी वाचलं आणि हळू आवाजात बोलला. रामीननं चष्मा काढला. डोळे लाल होते त्याचे, झोप नसल्यासारखे.

"काका, अडचण आहे. इथं नोंद झालीय. त्या दिवशी रस्त्याकडेला बॉम्ब पेरायला खड्डा खणणारे दोन शत्रू मारले, अशी."

मी ते त्याच्या कानात सांगितलं. त्यानं मला दोनदा सांगायला लावलं.

"तो खड्डा माझ्या पणजोबानं खणलाय," स्पीन गुल म्हणाला.

"वरून तसं दिसत नाही ना."

"मग खाली येऊन बघायचं होतं. एका ओळीत चौदा आहेत. बॉम्ब पेरणारा चौदा खड्डे खणून बसेल काय?"

कप्तान ऐकत होता. उंच, भाजलेल्या नाकाचा माणूस, वाईट नव्हता. त्यानं छातीवर हात ठेवला, आपल्यासारखा. रामीननं सांगितलं, "साहेबांना वाईट वाटतंय. पण शत्रू लिहिलं की माणसाच्या रकान्यात पैसे देता येत नाहीत. तो शब्द बदलायचा तर अर्ज वर जातो. वर म्हणजे समुद्रापलीकडे. म्हणून साहेबांनी एक वाट काढलीय. कारेजचं नुकसान झालं, हे खरं आहे ना? मालमत्तेचा रकाना वेगळा असतो. त्यात दोन लाख साठ हजार बसतात. एका माणसाच्या रकान्याच्या दुपटीहून जास्त. घ्या, आणि मनात समजा की मुलाचेच."

मलिकचा श्वास मला ऐकू आला.

स्पीन गुल मग म्हणाला, "याला विचार, ज्यानं वरून टाकला त्याच्या घरचं कुणी येणार आहे का?"

"कुठं?"

"माझ्या दारात. आमच्यात खून झाला की मारणाऱ्याच्या घरचे बकरं घेऊन येतात. दारात बसतात. आधी बसतात. पैशाचं बोलणं नंतर, कधी तर होतही नाही. नुसता बसला तरी माणूस सुटतो."

रामीननं ते सांगितलं. कप्तानानं पेन टेबलावर ठेवलं, परत उचललं.

"तो माणूस इथं नाही काका. तो त्याच्या देशात असतो. तिथल्या खोलीत बसून हे विमान चालवतात. कोण होता ते साहेबांनाही माहीत नाही."

"त्याला तरी माहीत आहे का, कोण मेलं ते?"

"नाही."

"मग कळवा त्याला. हेवाद आणि याकूत. बॉम्ब पेरत नव्हते. माझा दोर धरून होते."

ठरलं असं की दहा दिवसांनी कप्तान स्वतः येऊन नुकसान मोजणार आणि तिथंच अंगठा घेऊन पैसे देणार. तोवर विहीर आहे तशी ठेवायची, काही हलवायचं नाही. मलिक दोनदा म्हणाला, "कोण हलवतंय!"

परतीच्या वाटेवर मलिक गाडी हाकता हाकता हिशेब करत होता. कारेज गावाची, पाण्याचे सेहेचाळीस हिस्से. उस्तादाला वेगळे साठ हजार काढू, उरलेल्यात कारागीर, सिमेंट, बाकी हिश्श्यांवर. मागच्या सीटवर बसून मीही मनात भागाकार केला. खोटं कशाला सांगू? माझा एक हिस्सा. स्पीन गुलचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता, आणि मी भागाकार करत होतो.

त्या संध्याकाळी मशिदीसमोर मलिकनं हुकूम दिला. सातव्या विहिरीला कुणी हात लावायचा नाही.

"गहू करपतोय," कुणीतरी म्हणालं.

"दहा दिवस. करपला तर करपला, त्याहून जास्त पैसे येतायत."

आम्ही सगळे गप्प बसलो. गहू पिवळा पडत होता, कडेकडेनं, चुलीजवळच्या भाकरीसारखा.

तिसऱ्या दिवशी दुपारी याकूतची आई आली. सनोबर तिचं नाव. शिनकायहून दीड दिवस चालत. कुणा ट्रकवाल्यानं तिला सांगितलं होतं. टाचा फुटलेल्या, डोक्यावर वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पुरचुंडी. दुःखाच्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून. आधी तिनं कबर विचारली. दोहोंतली कोणती, हे सांगताना दूरखानई अडखळली, मग उजवीकडची म्हणाली. सनोबर तिथं ऊन उतरेपर्यंत बसली.

पुढचं मला माझ्या बायकोनं, शिरीनोनं सांगितलं. ती त्यांच्या तंदुरावर भाकऱ्या थापत होती.

सनोबर परत आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "त्याच्या भरपाईचं काय ठरलं?"

स्पीन गुल उंबऱ्याबाहेर बसला होता. "काही ठरलं नाही, बहिणी."

"कमी सांगितलं का? मी गरीब आहे, वाद घालणार नाही. पण एकच होता."

"कमी नाही सांगितलं. सांगितलंच नाही. विहिरीचे देतायत."

"विहिरीचे," ती म्हणाली. "विहीर जिवंत आहे ना पण?"

दूरखानई भडकली. "अहो, घ्या ना मग विहिरीचे! कुठल्या नावानं का येईनात. मेलेला काय बघायला येणार आहे, कुठल्या रकान्यातले ते? ही पोर या वयात—" तिनं सुनेकडे हात केला आणि हात तसाच राहिला.

सून वगमा पीठ मळत होती. मांडीशी तिची दोन वर्षांची लेक झोपलेली. नवरा गेल्यापासून ती फार बोलली नव्हती. मळता मळता तिनं विचारलं, "बाबा, गहू अजून किती दिवस धरेल?"

"आठ. फार तर."

"आणि ते मोजायला येणार?"

"सात दिवसांनी."

"पाणी आधी चालू झालं तर ते काय मोजतील?"

स्पीन गुलनं उंबऱ्याबाहेरून मान आत वळवली.

"काही नाही मोजणार," वगमा म्हणाली. "मग विहिरीचे म्हणून देता येणार नाहीत. द्यायचे तर यांचे म्हणून द्यावे लागतील. नाहीतर नको." तिनं पिठाचा गोळा परातीत आपटला. "माझ्या पोरीला उद्या कुणी बॉम्ब पेरणाऱ्याची म्हणालं तर मी काय विहिरीची पावती दाखवू?"

"खोदायला माणसं नाहीत, पोरी. मलिकनं मनाई केलीय. कुणी येणार नाही."

"खाली तुम्ही आहात. वर रहाट ओढायला हात लागतात. हात आहेत की."

दूरखानईनं तोंडावर पदर घेतला. आमच्याकडे बाई रस्त्याच्या कडेला उभी राहून रहाट ओढते, हे कुणी ऐकलंही नव्हतं. मग सनोबर म्हणाली, "मी म्हशीच्या गोठ्यात आयुष्य काढलं. दोराला मी भीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहिलं. स्पीन गुलनं त्याच्या गोठ्याची तुळई काढून नवा रहाट केला होता, ओबडधोबड. तो पांढऱ्या कपड्यात खाली उतरला, आणि वर तीन बायका, डोक्यापासून पायापर्यंत चादरी पांघरून, रहाटाच्या दांड्यांना लागल्या. चामड्याची पिशवी गाळानं भरून वर यायची, वगमा ती कवेत घेऊन ओतायची, परत सोडायची. चादर सांभाळायची की दांडा, असं दुपारपर्यंत चाललं. दुपारनंतर त्यांनी चादरी कमरेला गुंडाळल्या.

मलिक धावत आला.

"उस्ताद! वर ये!"

खालून आवाज आला, "ऐकू येत नाही!"

"लाज वाटत नाही? सुनेला रस्त्यावर उभी केलीस? गावाची अब्रू—"

"काका," वगमा म्हणाली. सून मलिकशी बोलतेय हेच पहिल्यांदा घडत होतं. दांडा सोडला नव्हता तिनं. "गावाची अब्रू आली असती तर मला यावं लागलं नसतं. सरका, पिशवी वर येतेय."

मलिक सरकला. जाताना आमच्याकडे वळून म्हणाला, "जो हात लावील त्याचा हिस्सा कापीन." आम्ही मशिदीच्या ओट्यावर बसून राहिलो. माना खाली. बायकांकडे बघायचं नसतं, हे आम्हाला त्या दिवशी फार सोयीचं पडलं.

दोन दिवस गेले. सनोबरच्या तळहाताची साल निघाली, तिनं चिंध्या बांधल्या. दूरखानईला धाप लागायची, ती बसायची, उठायची. तिसऱ्या सकाळी माझी शिरीनो चादर घेऊन उठली.

"कुठं?" मी म्हणालो.

"जिथं तू नाहीस तिथं."

मी तिला अडवलं नाही. गेलोही नाही.

त्या दिवशी वीस हात खोल दरडीत स्पीन गुलला एक बूट सापडला. प्लास्टिकचा काळा, कलातच्या बाजारात मिळतो तसला. त्यानं तो धुतला, पिशवीत घातला, दोर दोनदा हलवला. वर बायकांनी पिशवी उघडली. वगमानं तो हातात घेतला. मग सनोबरनं घेतला, आत हात घालून पाहिलं, तळ पाहिला.

"याचा का त्याचा?" दूरखानई म्हणाली.

कुणाला सांगता येईना. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मापाचे घेतले होते. सनोबर म्हणाली, "माझ्या याकूतचा डावा अंगठा वाकडा होता." बूट उजवा होता. शेवटी त्यांनी दोन कबरींच्या मधे खड्डा करून तो पुरला आणि परत येऊन रहाटाला लागल्या. म्हातारा तोवर खाली अंधारात दोराशी उभा होता, वर काय ठरलं ते न विचारता. पुढं एकदा त्यानं मला सांगितलं, "तेवढा वेळ मला वाटलं, वर हेवादच आहे. उशीर करतोय म्हणून शिवी पण आली तोंडात."

पाचव्या दिवशी मी गेलो. उशिरा गेलो, हे मला माहीत आहे. माझ्यामागून आणखी चौघे आले. बायका बाजूला झाल्या नाहीत. आम्ही त्यांच्या जोडीनं ओढलं. मलिक त्या दिवशी घराबाहेर पडला नाही.

सातव्या दिवशी सकाळी खालून ओरडा आला. शब्द नव्हता, नुसता ओरडा. मग भुयारात घरघर झाली, पायाखालची जमीन थरथरली, आणि म्हातारा गळ्यापर्यंत चिखलात भिजून दोराला लटकत वर आला. आम्ही गावाकडे पळालो. पाटाच्या तोंडाशी आधी हवा आली, मग लाल पाणी, मग पाणी.

कुणी आनंद केला नाही. ज्याची पाळी होती त्यानं शेताचा बांध फोडला.

तासाभरातच चिलखती गाड्या आल्या. कप्तान उतरला, रामीन उतरला, मागे फीत आणि छायाचित्राचं यंत्र घेतलेले दोघे. मलिक पुढे होऊन काहीबाही सांगायला लागला, की विहीर तात्पुरती, उद्या परत ढासळेल. कप्तान सातव्या विहिरीपर्यंत गेला, वाकून आत बघितलं, पाण्याचा आवाज ऐकला. मग बायकांकडे पाहिलं. त्या भिंतीशी बसल्या होत्या, हातांना चिंध्या.

रामीननं कागद उघडला. "काका, हे काय केलंत? आता या रकान्यात काय लिहू?"

"काही नको. कारेज बरी आहे."

"पैसे गेले तुमचे."

"आता दुसरा रकाना लिहा."

रामीन कप्तानाशी बोलला. कप्तान म्हाताऱ्याकडे बघत राहिला, इतका वेळ की गाडीवरच्या शिपायानं हाक मारली. मग त्यानं मालमत्तेच्या चौकटीत एक आडवी रेघ मारली. माणसांच्या चौकटीवर त्याचं पेन थांबलं. रामीन म्हणाला, "साहेबांच्या हातात नाही. अर्ज वर पाठवतो म्हणतात. नावं नीट सांगा."

स्पीन गुलनं नावं सांगितली. बापांच्या नावांसकट. याकूत, सरवरचा. कप्तानानं ती स्वतःच्या लिपीत लिहिली आणि एका पिवळ्या चिठ्ठीवर आकडा घालून चिठ्ठी दिली.

"चहा घ्या," स्पीन गुल म्हणाला. "दारात बसा थोडं. तुम्ही टाकला नसेल. पण त्याच्या घरचे तुम्हीच."

रामीननं सांगितलं. कप्तान अर्धा पाऊल पुढे आला असं मला वाटलं, कदाचित उगाच वाटलं असेल. त्याच्या कानातल्या यंत्रात कुणीतरी बोललं. त्यानं छातीवर हात ठेवला आणि गाडीत चढला. इथं थांबायला त्यांना परवानगी नसते, असं रामीन जाता जाता म्हणाला.

सव्वा महिन्यानं ती तुकडी बदलली. स्पीन गुल चिठ्ठी घेऊन दोनदा छावणीवर गेला, मी बरोबर होतो. पगडी दोनदा सोडली. नव्या लोकांकडे त्या आकड्याचं काहीच नव्हतं.

गहू निम्मा हाती आला. दाणा बारीक, सुरकुतलेला. वाऱ्यावर उडवला तर भुशाबरोबर जायचा. मळणीच्या दिवशी खळ्यावर सगळा गाव जमला. सनोबर तोवर आमच्यातच राहिली होती. आमच्याकडे रीत आहे, खळ्यावर कुणाच्याही घरी दाणा जायच्या आधी कारेजची रास काढतात. मलिक उभा राहून त्या वर्षी कारेजच्या कामावर नेमलेल्यांपैकी जे जे खाली उतरले आणि ज्यांनी दोर धरला त्यांचं नाव घेतो, आणि नाव घेतलेल्याच्या पदरात माप पडतं.

मलिकनं माप उचललं. "स्पीन गुल," तो म्हणाला. म्हाताऱ्यानं चादर पसरली. माप पडलं. मलिकनं माप खाली ठेवलं.

"पुढचं," मागून कुणीतरी म्हणालं.

"पुढचं काय? जिवंत आहे त्याला दिलं. छावणीवर त्यांची नावं शत्रूत आहेत. उद्या कुणी विचारलं तर मी—"

"पुढचं नाव घे, मलिक." हे मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही. मग पलीकडून कुणी म्हणालं, मग आणखी कुणी. ओट्यावर माना खाली घालून बसलेले तेच सगळे.

मलिकनं घाम पुसला. आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं.

"हेवाद, स्पीन गुलचा," तो म्हणाला. वगमा पुढे आली. बाईनं खळ्यावर यायची रीत नाही, पण कुणी काही बोललं नाही. तिनं ओढणी पसरली.

"याकूत."

"सरवरचा," स्पीन गुल म्हणाला.

"याकूत, सरवरचा."

सनोबरनं चादर पसरली. माप पडलं, तशी ती थोडी वाकली, वजनानं नव्हे. वजन फार नव्हतं. चादरीच्या चारी टोकांना गाठ मारून ती तिथंच उकिडवी बसली. वगमानं बोचकं तिच्या डोक्यावर द्यायला उचललं.

"पुढच्या वर्षी पण घेतात का नाव?" सनोबरनं विचारलं.

वगमा सासऱ्याकडे बघायला लागली. स्पीन गुलला ऐकू गेलं नव्हतं. मीच सांगितलं.

"पुढच्या वर्षी जो खाली उतरेल, जो दोर धरील, त्याचं घेतात, आई."

"बरं," ती म्हणाली. बोचकं डोक्यावर नीट बसवलं आणि शिनकायच्या वाटेला लागली.